गुबाळ्यांचं पाणी

एका आख्ख्या जमातीला मी पाणी हा शब्दच दिला नव्हता.

गावाला नळ दिला नाही तर निदान हंडा-मोर्चा येतो. शब्द दिला नाही तर कोणी येत नाही, त्यामुळे ही चूक मला बरीच वर्षं पचली. वर मी तिची फुशारकी मारत असे. दिग्दर्शकानं सुरुवातीलाच विचारलं होतं, गुबाळे पाण्याला काय म्हणतात? मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला (असं केलं की बाई विद्वान दिसते, अशी तेव्हा माझी समजूत होती) आणि म्हणाले, "गुबाळे दलदलीत जन्मतात, दलदलीतच मरतात. माशाला कधी पाणी मागताना ऐकलंय का?" दिग्दर्शकानं पुढचं पान उलटलं. त्या वाक्यावर मी आठवडाभर खूश होते. घरी येऊन नवऱ्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, "मासे काहीच मागत नाहीत." मी दुर्लक्ष केलं. संसारात मला ते चांगलं जमायचं.

गुबाळे कोण, हे आधी सांगायला हवं. मी परदेशी कार्टूनांना मराठी बोलायला शिकवत असे. हाच माझा धंदा. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये पापडाच्या कारखान्यावरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ होता. खाली बायका पापड लाटायच्या, वर आम्ही राक्षस लाटायचो. भिंतींना जाड फोम लावलेला होता, दार लोटलं की बाहेरचा आवाज बंद. मिरीचा वास मात्र आत यायचा, त्याला अडवणारा फोम अजून निघालेला नाही. मालक मोहनसाईं. सिंधीत मोठ्या बहिणीला अदी म्हणतात. त्यांनी पहिल्या दिवशी मला अदी म्हटलं आणि मी सगळ्या स्टुडिओची अदी झाले. माझं खरं नाव रेशनकार्डावर आणि सासूबाईंच्या तक्रारींत तेवढं उरलं.

बाहेरच्यांना वाटतं, डबिंग म्हणजे इंग्रजीचं मराठी केलं की झालं. तसं नसतं. पडद्यावरच्या प्राण्याचे ओठ जिथं मिटतात, तिथं मराठीतही ओठ मिटणारं अक्षर लागतं. प, फ, ब, भ, म, यांपैकी कुठलं तरी. तो आ करत असेल आणि तुम्ही त्याला ‘ईश्वर’ म्हणायला लावलंत, तर पोरांना लगेच कळतं की हा खोटा बोलतोय. म्हणून मी घरी आरसा घेऊन बसायची. आवाज बंद करून चित्र बघायचं, आरशात तसंच तोंड करायचं, आणि त्या तोंडात कुठलं वाक्य मावतंय ते चाचपायचं. शेजारच्या काकूंनी एकदा खिडकीतून हे पाहिलं आणि संध्याकाळी नवऱ्याला हळूच विचारलं, वहिनींना कधीपासून होतंय असं?

मग ती मालिका आली. तिच्यात माणसं नव्हतीच, नुसत्या जमाती. कड्यांवर राहणारे काटकुळे झिरके आणि खालच्या दलदलीत राहणारे ढोले गुबाळे. ही नावं माझी. मूळ मालिकेत प्रत्येक जमातीची स्वतःची बनावट भाषा होती, पण ती त्यांच्याकडच्या कानांसाठी बनवलेली. चॅनलनं सांगितलं, मराठीत तुमच्या तुम्ही बनवा. मोहनसाईं खाली वाकून माझ्याकडे बघत म्हणाले, "अदी, करोगी ना? इसमें गलती कौन निकालेगा?"

गलती पहिल्याच दिवशी निघाली. मी पन्नाशीला टेकलेली, म्हणजे अक्कल यायच्या वयाच्या जरा अलीकडची. राक्षसाची भाषा म्हणजे कठीण भाषा, असा माझा हिशेब. झिरक्यांसाठी मी असली वाक्यं लिहिली की त्यांत स्वर औषधालाही नव्हता. रंगभूमीवर आयुष्य घालवलेले एक ज्येष्ठ नट ती म्हणायला उभे राहिले. पहिल्या वाक्याला घाम आला. दुसऱ्या वाक्याला त्यांची कवळी तोंडातून सुटली आणि माईकच्या दांडीवर टणकन आपटली. त्यांनी ती उचलली, रुमालात गुंडाळली आणि अत्यंत शुद्ध मराठीत, दातांशिवाय, मला जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. रेकॉर्डिस्ट अनिलनं मात्र तो टणकारा जपून ठेवला. पुढे झिरक्यांची तलवार म्यानातून निघायची तेव्हा जो आवाज यायचा, तो त्या कवळीचा.

त्या दिवशी मी परत गेले ती जरा शहाणी होऊन. भाषा डोक्यातून काढायची नसते, ती जिथं बोलायची त्या जागेतून काढायची असते. गुबाळे चिखलात राहतात. मग त्यांचं चांगलं काय? ओलं. आणि वाईट काय? सुकं. एवढं सापडल्यावर बाकीचं आपोआप गळायला लागलं. लुंबा म्हणजे ओला, आणि ओला म्हणजे बरा, खुशाल, आपल्यातला. दोन गुबाळे भेटले की एक विचारतो, "लुंबा?" दुसरा म्हणतो, "लुंबा." झाली ख्यालीखुशाली. टुबक म्हणजे सुका. गुबाळ्यांत याहून मोठी शिवी नाही. मुब म्हणजे आपण, आपली सगळी टोळी. मी, तू असले शब्द त्यांच्यात नाहीतच, चिखलात कोण कुठं संपतो हे कळत नाही म्हणून. आणि हुबा म्हणजे उठा, चला, तुटून पडा.

आवाज मिळाला तो खाली पापडांत. तिथं देवीमां नावाची म्हातारी लाट्या करायला बसायची. तिच्या सिंधीत एक ब असा होता जो बाहेर पडायचाच नाही. ओठ मिटायचे आणि आवाज आत ओढला जायचा, विहिरीत घागर बुडताना येतो तसा. सिंधी माणसाला त्यात काही विशेष वाटत नाही. मी मात्र जिन्यात उभी राहून ऐकू लागले. हा ब चिखलातलाच होता. मी तिच्यासमोर फतकल मारून बसले आणि पुन्हापुन्हा म्हणायला लावलं. तिला वाटलं, मी तिची टर उडवतेय. तिनं माझ्या हातात कच्चा पापड ठेवला आणि जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. गुबाळ्यांचा प्रत्येक ब हा असा गिळलेला ब आहे, हे हा लेख वाचताना ध्यानात ठेवावं. मराठी छापखान्यात तो अजून आलेला नाही.

हा ब आमच्यात फक्त एकालाच साधला, गौतमरावांना. अंबरनाथला एमआयडीसीतल्या एका कंपनीत ते शिफ्ट करायचे आणि उरलेल्या वेळात गुबाळ्यांचा म्होरक्या, म्हातारा ओंबा, याला आवाज द्यायचे. अंगानं शिडशिडीत, आवाज मात्र रांजणातला. वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमांत निवेदन करून तो कमावलेला. मी त्यांना गिळलेला ब समजावून सांगायला लागले तर म्हणाले, "अदी, तुमचं व्याख्यान राहू द्या, ती आजी दाखवा." थेट देवीमांसमोर जाऊन बसले. ती पहिल्यांदा तोंडावर पदर घेऊन हसत सुटली. मग एका दुपारी हसता हसता थांबली, त्यांच्या डोक्यावर पिठाचा हात ठेवला आणि बाकीच्या बायकांना म्हणाली, "ही त असांजो आहे." हा तर आपल्यातला आहे.

भाषा मी केली, पण बोली त्यांनी केली. हा फरक मला फार उशिरा कळला. मी घरी बसून सोवळ्यात शब्द पाडायची, आणि हे लोक जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून ते उष्टे करायचे. चहावाला दिसला की हुबा. फुकट गेलेला रीटेक टुबक. शत्रूला टुबक म्हटलं तर चित्रात रक्त सांडायचं, पण स्टुडिओत दोस्ताला टुबक म्हटलं तर तो चहा पाजायचा. गौतमराव रोज आत येताना दारातून हाळी द्यायचे, "टुबक अदी, लुंबा?" मी कागदातून मान वर न करता म्हणायची, "मुब लुंबा." पहिल्यांदा मी रागावले होते. एवढ्या मोठ्या शिवीचा असा चुराडा करायचा असतो का? म्हणजे बघा, भाषा बनवणारी बाई, आणि ती लोकांनी वापरली म्हणून रुसली होती.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. फर्निचर बाजारातला एक गादीवाला मोहनसाईंचा हात धरून वर आला. त्याच्या नातवंडांच्या तोंडी दिवसभर लुंबा, लुंबा. त्याला गादीच्या नव्या मालासाठी नाव हवं होतं. लुंबा गादी. बोर्ड रंगवून तयार होता, माझी फक्त परवानगी. मी अर्थ सांगितला. त्यानं फोमची भिंत बोटानं दाबून बघितली. मग म्हणाला, "मतलब गीली गादी?" मी मान डोलावली. मोहनसाईं म्हणाले, ओली गादी घरोघरी असते, विकत कोण घेईल? बोर्ड उलटा करून त्यानं दुसरंच नाव लिहिलं. पण जाताना मला म्हणाला की मुलांना अर्थ सांगू नका, ती खुशीनं म्हणतात.

मुलांना अर्थ माहीत होता. तो मी त्यांना सांगायची गरज नव्हती, उलट त्यांनीच मला सांगितला. आम्ही बदलापूरला शिरगावात राहायला आलो तेव्हा माझी नात इरा दुसरीत होती. तिच्या शाळेतून बोलावणं आलं. घरचं कोणी मोकळं नव्हतं म्हणून मी गेले. वर्गात एक शिवी पसरलीय आणि ती कुठल्या भाषेतली ते कळत नाही, असं बाईंचं म्हणणं. हिंदीवाल्या पालकांना वाटतं मराठीतली असेल, मराठी पालकांना वाटतं सिंधीतली असेल. मी निष्पाप चेहरा करून विचारलं, कुठली शिवी? बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "टुबक." मी खोकल्याचं निमित्त करून तोंडाला पदर लावला.

नंतर मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात थांबले. आमच्याकडच्या नव्या इमारतींत कुठकुठली माणसं येऊन राहिलीत. त्यांची ती पोरं मैदानात धुडगूस घालत होती, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. भांडण जुंपलं की मात्र सगळी गुबाळीत. त्या भाषेत कोणाचं घर नव्हतं, म्हणून कोणी कोणाच्या बोलण्याला हसू शकत नव्हतं. एकानं दुसऱ्याला टुबक म्हटलं. दुसऱ्याचा चेहरा पडला. आणि मग, मी काठीवर हात टेकून बघतच राहिले, शिवी देणाऱ्यानंच आपली पाण्याची बाटली उघडली, बोटं भिजवली आणि त्याच्या डोक्यावर थेंब शिंपडले. भिजलेला हसला. दोघं पळाले.

मी इराला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "टुबक म्हटलं ना, की ओलं करून द्यायचं असतं. नाहीतर तो सुकाच राहणार ना." मी म्हटलं, मालिकेत असं कुठंच नाही. ती माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाली, "आजी, गुबाळ्यांच्यात असतं असं. तुला नाही माहिती."

मला खरंच माहीत नव्हतं. ती रीत माझ्या डोक्यातून निघालेली नव्हती आणि तरी ती गुबाळ्यांचीच होती, यात शंका नव्हती. आपण अंगणात खेळायला म्हणून काठीनं रेघ ओढावी, आणि सकाळी उठून बघावं तर त्या रेघेतून ओढा वाहतोय, तसं काहीसं झालं मला. घरी येईपर्यंत मी गप्प होते. ही बातमी नवऱ्यानं शेजारी सांगितली.

गौतमरावांना हा किस्सा सांगितला तेव्हा ते डबा बाजूला ठेवून हसले. त्या दिवसापासून दारातून टुबक म्हटलं की ते बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब माझ्या कागदांवर उडवायचे. शाई पसरायची. मी शिव्या घालायची, मराठीत.

माझं काम सुटल्यावर दोन वर्षांनी सुलभाचा फोन आला. सुलभा म्हणजे गौतमरावांची बायको. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि ते इस्पितळातून घरी आले होते, एवढं मला कळलं होतं. फळं घेऊन जायचं ठरवत होते, जात नव्हते. म्हातारपणी आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे आरसा बघायला जाण्यासारखं असतं. सुलभा म्हणाली, "ताई, ह्यांचं बोलणं गेलंय. मराठी नाही, हिंदी नाही, माझं नाव नाही. पण तुमच्या त्या कार्टूनचं बोलतात. मला त्यातलं काय कळणार? तुम्ही या."

मी तेव्हा अर्धी पोळी हातात घेऊन उभी होते. ती तशीच ठेवून निघाले.

अंबरनाथला त्यांच्या खोलीत गौतमराव खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा. मला बघून चेहरा उजळला, अर्धाच, पण उजळला. म्हणाले, "टुबक..." आणि अडले. पुढचा शब्द शोधत राहिले. ओठ उघडले, मिटले, डोळे छतावर गेले. तो शब्द माझा होता. अदी. इतक्या वर्षांत त्यांनी तो किती वेळा हाकारला असेल. तो नव्हताच तिथं. शेवटी त्यांनी डाव्या हातानं हवेत एक रेघ पुसली आणि नुसतं म्हणाले, "लुंबा?"

 मी मान हलवली.

सुलभानं सगळं सांगितलं. त्यांना कळतं सगळं, बातम्याही कळतात, आत सगळं शाबूत आहे. सकाळी तिच्याबरोबर बुद्धवंदना म्हणतात, अख्खी, एक अक्षर न चुकता. पण मध्ये थांबवून त्यातला एक शब्द वेगळा काढून म्हणा म्हटलं तर नाही येत, ती पाठ असलेली वाट एका दमातच चालता येते. इस्पितळातल्या स्पीच थेरपीच्या मुलीनं समजावलं होतं की असं होतं. बोलण्याची एक वाट बुजते, दुसरी कुठली तरी उघडी राहते. तिचं म्हणणं, जे येतंय ते अडवू नका, त्या वाटेनं बाकीचं येऊ शकेल, येईलच असं नाही. "आता गाणी उघडी राहिलेली माणसं असतात म्हणे," सुलभा म्हणाली. "ह्यांचं हे राहिलं."

मग कळलं, मला का बोलावलंय. गौतमराव कितीतरी दिवस छातीवर हात ठेवून एकच सांगत होते, "ओंबा. हुबा." ओंबा, उठ. ओंबा, चल. तिला वाटायचं, त्यांना उठून बसायचंय, चालायचंय. ती उठवायची, ते चिडायचे. मला लगेच उमगलं, कारण मोहनसाईंनी मला सांगितलं होतं. मालिकेचा शेवटचा भाग यायचा होता. त्यात दलदल आटते, ओंबा मरणाला टेकतो, आणि मग पाणी परत येतं. त्यासाठी दुसरा आवाज बघितला होता, चांगला होता, तारीखही ठरली होती. गौतमरावांनाही कोणीतरी सांगितलं असणार. त्यांना ओंबाचा शेवट स्वतः करायचा होता. साऱ्या जगात आता एकच काम उरलं होतं ज्याची भाषा त्यांना येत होती, आणि तेच दुसऱ्याकडे चाललं होतं.

तेवढ्यात त्यांना तहान लागली. त्यांनी सुलभाकडे बघितलं, ओठ मिटले आणि तो ब आत गिळला. नुसता ब. पुढे नाही, मागे नाही. घागर बुडाली. सुलभा उठली आणि माठातून पाणी आणलं. तिनं मान वर करूनही बघितलं नव्हतं, तिला ते इतकं सवयीचं झालं होतं.

मी म्हटलं, हे काय म्हणाले ते?

"पाणी," सुलभा म्हणाली. "तुमच्याच भाषेतलं ना?"

मी नाही म्हणाले. माझ्या भाषेत नव्हतं ते. माझ्या भाषेत मी चष्मा नाकावर आणून माशाचा दाखला दिला होता. ज्याच्या तोंडून सगळे शब्द गळून गेले होते, त्या माणसानं उरलेल्या चिखलात हात घालून, जमातीला जन्मापासून हवा असलेला शब्द वर काढला होता. आणि काय शब्द. ओठ मिटतात, काहीतरी आत जातं. पाण्याला दुसरं काय म्हणणार?

मी मोहनसाईंकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, धंदा करतात. म्हणाले, "अदी, वो पढ़ नहीं सकता. लाइन याद नहीं रख सकता. चैनल को मैं क्या बोलूं?" मी म्हटलं, त्यांना येतात तेवढेच शब्द मी लिहीन. "और पब्लिक?" मी म्हटलं, पब्लिक तुमच्यापेक्षा चांगली गुबाळी बोलते, माझ्यापेक्षाही. ते हिशेब करत राहिले. शेवटी म्हणाले, एक दुपार. जमलं तर जमलं, नाहीतर दुसरा मुलगा संध्याकाळी येऊन करून जाईल, आणि मग मी त्यांच्याशी भांडायचं नाही. मी नाही भांडणार म्हटलं. ते खोटं होतं.

ओंबाचं शेवटचं बोलणं मी आरशापुढे लिहायला बसले. मूळ भाषेत तो मरताना लांबलचक उपदेश करतो. माझ्याकडे तेवढे शब्द नव्हते. खरं म्हणजे मरताना कोणाकडेच नसतात. लिहायला वेळ लागला नाही, पुसायला लागला. नवे शब्द घालायचे नाहीत, हे मी ठरवलं होतं, तरी हात शिवशिवायचा. एक सुंदर नवा शब्द सुचलाही. मी तो त्यांना शिकवून बघितला. ते दोनदा ओठ हलवून माझ्याकडे असं बघत राहिले की मी कागद फाडून पिशवीत घातला. जुनी खोड.

त्या दुपारी अनिल आणि सुलभानं त्यांना धरून जिना चढवला. खाली लाटणी थांबली. देवीमां आता नाही, पण बाकीच्या बायका जिन्यापर्यंत आल्या. डबिंगमध्ये प्रत्येकानं एकेकटं काचेमागे उभं राहून आपली वाक्यं म्हणायची असतात, कानात खूण मिळाली की सुरू. खुणेवर बोलणं गौतमरावांना जमेना. दोनदा खूण वाजली, दोनदा ते नुसते चपापले. काचेपलीकडे मोहनसाईंनी घड्याळाकडे बघितलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते. मग मी अनिलला म्हटलं, खूण बंद कर, दोन खुर्च्या टाक. मी आत जाऊन त्यांच्यासमोर बसले. चित्रात ओंबाची नात त्याच्याशी बोलते, तिची वाक्यं मी म्हणायला लागले. माझा आवाज म्हणजे चिमटीत धरलेला फुगा. तो नंतर पुसायचाच होता. गौतमरावांना खूण नको होती, त्यांना कोणीतरी बोलायला हवं होतं.

मी विचारलं, "लुंबा?"

ते म्हणाले, "टुबक." आणि ते इतकं हळू म्हणाले की आमच्या सगळ्यांत मोठ्या शिवीत मला पहिल्यांदा नुसता सुकलेला चिखल दिसला, भेगा पडलेला, कोणावर न रागावलेला.

पडद्यावर दलदल आटत होती. ते माझ्याकडे बघत होते, पडद्याकडे नाही. पुढचं मी लिहिलेलं थोडं होतं, थोडं त्यांनी आपल्या मनानं केलं. "हुबा, मुब, हुबा." उठा, आपण सगळे, उठा. मग पडद्यावर पाणी परत आलं. म्हातारा ओंबा सरपटत काठाशी जातो आणि तोंड लावतो. चेहरा एकदम जवळ येतो, ओठ मिटतात. गौतमरावांनी मान वळवून ते पाहिलं. आणि तो ब आत गिळला, एकदा, मग परत, मग परत. मी नात होऊन त्यांच्यासमोर बसले होते. मी बनवलेल्या जमातीला कोणीतरी माझ्यासमोर पाणी पाजत होतं.

अनिलनं यंत्र बंद केलं नाही. विसरला होता. काचेपलीकडे मोहनसाईं पाठ करून उभे होते. नंतर फोनवर त्या दुसऱ्या मुलाला म्हणाले, आज मत आना बेटा, हो गया.

ओठांचं माप काही ठिकाणी थोडं इकडंतिकडं होतं, अनिलनं ते बसवलं. तो भाग लागला तेव्हा आमच्या इमारतीतली पोरं जिन्यात बसून एकमेकांना पाणी पाजत होती, बाटल्या हातात आणि गिळलेला ब. त्यांना कोणी शिकवला? मला विचारू नका. मी फक्त जमात काढली.

पण ते पुढचं. त्या दुपारी काम संपल्यावर सुलभानं गौतमरावांना पाणी दिलं. आम्ही तिघं त्या फोमच्या खोलीत बसलो होतो, खाली लाटणी पुन्हा सुरू झाली होती. मला त्यांचे आभार मानायचे होते. तेव्हा लक्षात आलं की गुबाळीत आभारालाही शब्द नाही. तोही मी दिलेला नाही. जे होतं ते विचारलं, "लुंबा?"

त्यांनी डाव्या हाताची बोटं पेल्यात बुडवली, वाकले, आणि माझ्या पांढऱ्या केसांवर दोन थेंब शिंपडले. मग ओठ जुळवत, शोधत, अडत, एकदा मागे जाऊन परत येत, ते म्हणाले,

"मुब लुंबा, टुबक... टुबक अदी."